उंट आणि त्याचे खुरी नातेवाईक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंटाबद्दल काहीही लिहिलं की ठरावीक प्रश्न हमखास येतात. निम्मे वशिंडाबद्दल असतात आणि उरलेले बहुतेक "पण हा तर वाळवंटाचाच प्राणी ना?" या एका समजुतीतून निघालेले. त्या समजुतीला पुढे बरेच धक्के बसतील. उत्तरं सुटी सुटी वाचता येतील. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे. वर्गीकरणाचे शब्द शाळेच्या पुस्तकातलेच आहेत: जाती, तिच्यावर प्रजाती, मग कुल, मग गण. पाळीव जनावरांतल्या पैदाशीच्या भेदांना 'वाण' म्हटलं आहे.

१. उंट नेमका कोणत्या गटात येतो?

सस्तन प्राण्यांच्या समखुरी गणात. डुक्कर, हरीण, गाय, मेंढी, जिराफ, पाणघोडा ही सगळी मंडळी याच गणातली. पायाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटावर शरीराचा भार सारखा पडतो, ही या गणाची जुनी ओळख. रिचर्ड ओवेन यांनी १८४८ मध्ये समखुरी आणि विषमखुरी अशी विभागणी केली ती याच धर्तीवर.

या गणात उंटाची शाखा स्वतंत्र आहे. तिचं शास्त्रीय नाव टायलोपोडा, म्हणजे गादीसारखे तळवे असलेले. एकेकाळी या शाखेला बऱ्याच फांद्या होत्या, आज तिच्यात उंटकुल हे एकच कुल शिल्लक आहे.

२. उंटाच्या जाती दोन, तीन की सात? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

तिन्ही आकडे बरोबर असू शकतात, काय मोजलं यावर ते अवलंबून आहे. फक्त पाळीव उंट मोजले तर दोन: एका वशिंडाचा अरबी उंट आणि दोन वशिंडांचा बॅक्ट्रियन उंट. त्यांत मध्य आशियातला रानटी दोन वशिंडी उंट मिळवला की तीन. तो वेगळा का मोजायचा, ते प्रश्न १४ मध्ये आहे. या तिघांची मिळून कॅमेलस ही प्रजाती होते.

पूर्ण उंटकुल धरलं तर दक्षिण अमेरिकेतले चौघे आत येतात: ग्वानाको आणि विकुन्या हे रानटी, लामा आणि अल्पाका हे पाळीव. एकूण सात. लिनियसने १७५८ मध्ये लामा आणि अल्पाका यांनाही सरळ कॅमेलस प्रजातीतच टाकलं होतं. प्रजाती पुढे वेगळ्या झाल्या, पण नातं त्याने अचूक ओळखलं होतं. लामाला वशिंड नाही म्हणून तो 'खरा उंट' नाही, हे म्हणणं अडीचशे वर्षांपूर्वीही टिकलं नसतं.

३. उंटाच्या तळपायाला तर मऊ गादी असते. मग त्याला खुरी प्राणी का म्हणायचं?

कारण खूर आहेत, फक्त त्यांच्यावर भार नाही. गाय किंवा हरीण खुरांच्या टोकांवर उभं राहतं. उंट बोटांच्या शेवटच्या पेरांवर उभा राहतो आणि त्या पेरांखाली चरबीची व लवचीक ऊतींची जाड गादी असते. बोटांच्या पुढच्या टोकाला जी रुंद नखं दिसतात, ते त्याचे आक्रसलेले खूर. उंटाची दोन्ही बोटं एकाच पसरट गादीने जोडलेली असतात, त्यामुळे पाय वाळूत रुतत नाही. लामाची बोटं सुटी असतात, प्रत्येकाला आपापली गादी. खडकाळ उतारावर त्याचा उपयोग होतो.

ही रचना मूळची नाही. कुलातले सुरुवातीचे प्राणी चक्क खुरांवर चालत. गादी आली मायोसीन युगात (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वी), आणि तेव्हा वाळवंटाचा संबंध नव्हता. ती मोकळ्या गवताळ प्रदेशात लांब पल्ल्याच्या चालीसोबत आली. उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलून चालतो, त्या डुलत्या चालीत रुंद तळव्यामुळे तोल सावरतो.

हाडातली खूण याहून पक्की आहे. गाईप्रमाणेच उंटाच्याही पायातली दोन लांब हाडं जुळून एक झाली आहेत, पण गाईत खालची टोकं समांतर राहतात आणि उंटात ती दोन बाजूंना फाकतात. एवढा एक तुकडा मिळाला तरी जीवाश्मतज्ज्ञ 'उंटकुल' असं सांगून मोकळा होतो.

४. उंट रवंथ करतो. मग तो गाय-म्हशींच्या गटात का नाही?

रवंथ करणं ही एक क्रिया आहे आणि 'रवंथी' नावाचा उपगण ही एक वंशशाखा. उंट क्रिया करतो, पण त्या शाखेत नाही.

गाईच्या जठराला चार कप्पे असतात, उंटाच्या जठराला तीन. उंटाच्या पहिल्या दोन कप्प्यांत ग्रंथींच्या छोट्या पिशव्यांच्या ओळी असतात. गाईच्या पोटात असं काही नसतं. जुन्या काळी लोकांना त्या पिशव्या पाण्याच्या टाक्या वाटल्या, त्यावरूनही उंटाच्या पाणी साठवण्याच्या गोष्टी पसरल्या. तोंड उघडलं की फरक आणखी ठळक होतो. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. मोठ्या उंटाला वरही दोन्ही बाजूंना एकेक पटाशीचा दात असतो, तोही सुळ्यासारखा अणकुचीदार, आणि शिवाय खरे सुळे वेगळे. गाईच्या वारेवर ठिकठिकाणी गुठळ्यांसारखे जोड असतात, उंटाची वार सर्वत्र सारखी पसरलेली असते. शिंगं तर उंटकुलात कधी उगवलीच नाहीत.

पाला आणि गवत पोटात आंबवून, पुन्हा तोंडात आणून चावण्याची युक्ती या दोन शाखांनी स्वतंत्रपणे साधली असं आज मानलं जातं.

५. मग उंटकुलाचं असं काय आहे, जे दुसऱ्या कुणातच सापडत नाही?

तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, रक्त. इतर सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी साधारणपणे गोल चकतीसारख्या असतात, उंटकुलाच्या लंबगोल. तहानेने रक्त घट्ट झालं तरी त्या सहज वाहतात, आणि उंट एकदम भरपूर पाणी प्यायला तर न फुटता फुगतात. लामालाही अशाच पेशी असतात.

दुसरी, मानेचे मणके. बहुतेक सस्तन प्राण्यांत मानेतली धमनी मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जाते. उंटकुलात तिची वाट मणक्याच्या आतल्या भिंतीतून, मज्जारज्जूच्या पोकळीला लागून जाते. जीवाश्म ओळखताना ही खूण फार कामाची.

तिसरी, प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना ओळखून चिकटणारी रक्तातली प्रथिनं. नेहमीचं प्रतिपिंड जड आणि हलक्या साखळ्यांचं मिळून बनतं. १९९३ मध्ये ब्रसेल्समधल्या संशोधकांनी दाखवलं की उंटाच्या रक्तात नुसत्या जड साखळ्यांचीही प्रतिपिंडं असतात. ती लामात आणि अल्पाकातही आहेत. म्हणजे दोन फांद्या अलग होण्याआधीच ती आलेली असणार. या प्रतिपिंडांच्या टोकाचा छोटासा भाग औषध म्हणून वापरता येतो. त्यावर आधारलेल्या कॅप्लासिझुमॅब या औषधाला २०१८ मध्ये युरोपात मान्यता मिळाली, रक्तात गुठळ्या होण्याच्या एका दुर्मिळ विकारासाठी. शार्कमध्येही अशाच धाटणीची प्रतिपिंडं आहेत, पण ती स्वतंत्रपणे निर्माण झालेली. सस्तन प्राण्यांत मात्र ती फक्त उंटकुलातच.

६. जिराफ आणि उंट जवळचे नातेवाईक आहेत का? मान, पाय, चेहरा बरंच जुळतं.

नाही. जिराफ रवंथी उपगणातला आहे, म्हणजे तो हरणा-गाईंच्या जवळचा. उंच झाडाचा पाला खायचा असेल तर लांब मान उपयोगी पडते, म्हणून ती वेगवेगळ्या वंशांत वेगवेगळ्या वेळी आली. उंटकुलात तर एपिकॅमेलस नावाचा एक प्राणी होऊन गेला, मायोसीन युगातल्या उत्तर अमेरिकेत. त्याची मान आणि पाय इतके लांब होते की त्याला 'जिराफ-उंट' म्हणतात.

७. गाय ही उंटापेक्षा देवमाशाला जवळची आहे, असं वाचलं. हे खरं आहे की थट्टा?

खरं आहे. यावर सगळ्यांत जास्त लोक भांडायला येतात, म्हणून सावकाश सांगतो.

समखुरी गणाचा वंशवृक्ष खालून वर वाचला तर बहुतेक जनुकीय अभ्यासांत पहिला फाटा उंटांचा निघतो. त्यानंतर डुकरं वेगळी होतात. उरलेल्या खोडाला पुढे दोन फांद्या फुटतात: एकीवर गाय, हरीण, जिराफ यांचा रवंथी उपगण, दुसरीवर पाणघोडा आणि देवमासे. गाय आणि देवमासा यांचा समान पूर्वज हा गाय आणि उंट यांच्या समान पूर्वजाच्या नंतरचा. नातं मोजायचं ते यावरून. दिसण्यावरून मोजायचं असतं तर वर्गीकरणाचा खटाटोप कशाला केला असता?

पुरावा दोन बाजूंनी आला. जनुकांच्या बाजूने जपानमधल्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने १९९७ आणि १९९९ मध्ये काम केलं. डीएनएमध्ये काही तुकडे स्वतःची नक्कल करून भलत्याच जागी जाऊन बसतात. एकदा बसलेला तुकडा सहसा हलत नाही, आणि दोन वंशांत तोच तुकडा अगदी त्याच जागी स्वतंत्रपणे बसणं जवळपास अशक्य. असे काही तुकडे गाय, पाणघोडा आणि देवमासा यांच्यात एकाच जागी सापडले. उंटात आणि डुकरात ती जागा रिकामी होती. काही तुकडे फक्त पाणघोडा आणि देवमासा यांच्यातच निघाले.

हाडांवर काम करणाऱ्यांना हे बराच काळ पटत नव्हतं. मग २००१ मध्ये पाकिस्तानात मिळालेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांची घोट्याची हाडं प्रसिद्ध झाली. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातलं हाड वरूनही आणि खालूनही कप्पीसारखं खोबणीदार असतं. असं हाड दुसऱ्या कुठल्याही गणात नाही. त्या देवमाशांचं हाड तसंच होतं.

पुढचा दुवा जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचा. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून गोळा केलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर प्राचीन देवमाशांचे अभ्यासक हान्स थेविसेन यांच्याकडे गेले. ते साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीचं कानाजवळचं हाड फुटलं, आणि आतली भिंत एका बाजूला जाड झालेली दिसली. ही जाड भिंत देवमाशांची खास खूण. तो प्राणी होता इंडोहायस, मांजराएवढा, खुरांचा, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. २००७ मध्ये तो देवमाशांचा अगदी जवळचा नातेवाईक म्हणून जाहीर झाला.

८. घोडा, गेंडा, हत्ती हेसुद्धा खुरी प्राणीच. त्यांचं उंटाशी काय नातं?

घोडा, गेंडा आणि टॅपिर विषमखुरी गणात येतात. तिथे भार मधल्या, म्हणजे तिसऱ्या बोटावर असतो. नातं आहे, पण दूरचं. घोड्याची आणि उंटाची कहाणी मात्र विलक्षण जुळते: दोघंही उत्तर अमेरिकेत घडले, दोघंही तिथून आशियात आले, आणि दोघंही हिमयुगाच्या शेवटी मायभूमीतून नाहीसे झाले.

हत्तीला नखं असली तरी तो पूर्णपणे वेगळ्या, आफ्रिकेत उगम पावलेल्या शाखेतला आहे.

९. उंट मूळचा अरबस्तानातलाच ना?

नाही, उत्तर अमेरिकेतला. उंटकुलाच्या सुमारे साडेचार कोटी वर्षांच्या इतिहासातला बहुतांश काळ हे कुल त्या एका खंडाबाहेर पडलंच नव्हतं.

सुरुवातीचे प्राणी इओसीन युगातले, सशाएवढे, जंगलात कोवळा पाला खाणारे. पोएब्रोडॉन त्यांपैकी एक, तोही मुख्यतः दातांवरून माहीत असलेला. त्यानंतर पोएब्रोथेरियम येतो. जोसेफ लायडी यांनी १८४७ मध्ये त्याला नाव दिलं. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा हा मेंढीएवढा प्राणी, मान थोडी लांब, पायाला दोनच बोटं. साउथ डकोटातल्या बॅडलँड्स भागात त्याचे अवशेष मिळतात.

मायोसीन युगात गवताळ मैदानं पसरली आणि या कुलाचे चांगले दिवस आले. नेब्रास्कातल्या अगेट इथे स्टेनोमायलस नावाच्या दोन फूट उंचीच्या उंटांचे सांगाडे ढिगाने निघाले. चणीने ते थेट चिंकाऱ्यासारखे. त्याच मैदानांवर पुढे जिराफासारखे उंच एपिकॅमेलस वावरले, आणि आणखी नंतर आजच्या उंटापेक्षा कितीतरी थोराड मेगाटायलोपस. जुन्या जगातले उंट आणि लामा यांच्या फांद्या सुमारे १.६ ते १.७ कोटी वर्षांपूर्वी तिथेच अलग झाल्या.

१०. अमेरिकेतून उंट आशियात आले तरी कसे?

चालत. आज जिथे बेरिंगची सामुद्रधुनी आहे तिथे समुद्राची पातळी खाली गेली की जमीन उघडी पडायची. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी पॅराकॅमेलस या प्रजातीचे उंट त्या वाटेने अलास्काकडून आशियात उतरले. तिथून ते चीनपासून स्पेनपर्यंत पसरले आणि आफ्रिकेतही पोचले.

लामांचे पूर्वज उलट दिशेने गेले. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची भूपट्टी पूर्ण जोडली गेली, तेव्हा हेमिऑकेनियासारखे सडपातळ उंट दक्षिण अमेरिकेत शिरले. ग्वानाको आणि विकुन्या त्यांचे वारस.

११. उत्तर ध्रुवाजवळ उंट सापडल्याची बातमी खरी होती का?

खरी. ठिकाण कॅनडाचं एल्समीर बेट, सुमारे ७८ अंश उत्तर अक्षांशावर. नटालिया रिबचिन्स्की यांच्या पथकाने २००६ ते २०१० या काळात तिथल्या उतारावरून हाडाचे ३० तुकडे वेचले. पहिला तुकडा हातात घेतला तेव्हा तो लाकडाचा असेल असं त्यांना वाटलं होतं. तुकडे जुळवल्यावर ते नडगीच्या हाडाचे निघाले, वय सुमारे ३५ लाख वर्षं. थंडीमुळे त्यातलं कोलॅजन हे प्रथिन टिकून राहिलं होतं. त्याची रचना आजच्या सस्तन प्राण्यांशी ताडून पाहिली तेव्हा ती उंटाशी जुळली. नडगी आजच्या उंटापेक्षा जवळपास ३० टक्के मोठी. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्या काळी तिथे आजच्याइतकी थंडी नव्हती, सूचिपर्णी जंगल होतं. पण हिवाळा होता, बर्फ होता आणि महिनोन्‌महिने चालणारी रात्रही होती.

१२. वशिंड कधी आलं? आणि ते वाळवंटासाठीच आलं ना?

वशिंडात हाड नसतं, निव्वळ चरबी असते. त्यामुळे जीवाश्मात त्याचा मागमूस राहत नाही आणि जुन्या उंटांच्या चित्रांत दिसणारं वशिंड हा चित्रकाराचा अंदाज असतो. लामाच्या फांदीत ते नाही, तिन्ही कॅमेलस जातींत आहे, म्हणून ते दोन फांद्या अलग झाल्यानंतरचं असावं एवढं म्हणता येतं.

कशासाठी आलं, यावर एल्समीरच्या उंटाने (प्रश्न ११) वेगळाच मुद्दा पुढे आणला. लांब काळोखी हिवाळ्यात चारा मिळत नाही, तेव्हा साठवलेली चरबी उपयोगी पडते. पसरट पाय बर्फावरही वाळूइतकेच चालतात. वाळवंटाची म्हणून समजली जाणारी सामग्री आधी थंडीत कामी आली असेल, अशी ही मांडणी आहे. सिद्ध झालेली नाही, पण 'वाळवंट आलं म्हणून उंट घडला' या सरधोपट गोष्टीपेक्षा मला ती जास्त पटते. दोन वशिंडांचे उंट आजही उणे ४० अंशांत हिवाळा काढतात, हे विसरू नये. पाण्याबद्दल एकच: वशिंडात पाणी नसतं.

१३. भारतात उंटाचे जीवाश्म सापडले आहेत का?

हो, शिवालिक टेकड्यांत. ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी १८३६ मध्ये तिथल्या जीवाश्मांवरून कॅमेलस सिव्हॅलेन्सिस या जातीचं वर्णन केलं. फाल्कनर सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख, कॉटली कालव्यांचे अभियंता. शिवालिकच्या कामासाठी दोघांना १८३७ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचं वोलास्टन पदक मिळालं. हे उंट शिवालिकच्या वरच्या थरांत मिळतात, खालच्या जुन्या थरांत नाहीत. आशियात उंट उशिरा आले (प्रश्न १०), त्याच्याशी हे नीट जुळतं.

१४. गोबीतले रानटी उंट म्हणजे पाळीवांतून सुटलेलेच असणार ना?

बराच काळ तसंच मानत. निकोलाय प्रझेवाल्स्की यांनी १८७८ मध्ये लोप नोर भागातल्या या उंटाचं वर्णन केलं, तरी शंका राहिलीच. डीएनएने ती मिटवली: रानटी आणि पाळीव दोन वशिंडी उंटांचे वंश सुमारे ७ ते १५ लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले. माणसाने उंट पाळला तो फार तर गेल्या काही हजार वर्षांत. म्हणजे रानटी उंट हा पाळीव उंटाचा पूर्वजही नाही आणि पळून गेलेला वंशजही नाही. त्याची जाती कॅमेलस फेरस.

अंग सडपातळ, वशिंडं लहान आणि शंकूच्या आकाराची, डोकं चपटं. मंगोलिया आणि चीनमधल्या मोजक्या ओसाड भागांत मिळून हजाराच्या आसपास उरले आहेत. २००२ मध्ये त्यांची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. समुद्रापेक्षा खारट पाण्यावरही ते तग धरतात. लोप नोरच्या परिसरात १९६४ ते १९९६ अणुचाचण्या झाल्या, त्यातूनही हे उरले. पाळीव उंटांशी होणारा संकर हा आता त्यांना मोठा धोका आहे.

ऑस्ट्रेलियातले मोकळे उंट ही निराळी गोष्ट. ते खरोखरच सोडून दिलेल्या पाळीव उंटांचे वंशज आहेत, आणि जवळजवळ सगळे एका वशिंडाचे. एका वशिंडाचा मूळ रानटी उंट सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच संपला.

१५. उत्तर अमेरिकेत एवढे उंट होते, तर ते गेले कुठे?

तिथल्या हिमयुगीन उंटांची प्रजाती कॅमेलॉप्स. तिच्यातले शेवटचे उंट सुमारे १३ ते ११ हजार वर्षांपूर्वी संपले, मॅमथ आणि घोड्यांच्या सोबतच. हवामान झपाट्याने बदलत होतं आणि माणसंही येऊन पोचली होती. दोष कुणाला किती द्यायचा यावर वाद चालू आहे. अल्बर्टातल्या वॉलीज बीच या ठिकाणी सुमारे १३,३०० वर्षांपूर्वी माणसांनी घोडे आणि एक उंट कापल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. त्यावरून शिकार होत होती एवढं नक्की, शिकारीनेच वंश बुडाला असं नाही.

पुढे १८५६ मध्ये अमेरिकी सैन्याने मालवाहतुकीसाठी टेक्सासच्या किनाऱ्यावर उंट उतरवले, आणि सगळ्यांनी त्यांना परदेशी जनावर म्हणून पाहिलं.

१६. लामा आणि अल्पाका यांच्यातलं नातं काय? कुठे दोघांची प्रजाती एकच दिसते, कुठे वेगळी.

लामा ग्वानाकोपासून आला, यावर फारसं दुमत नाही. अल्पाकाचं तसं नव्हतं. तो लामाचाच लोकरीचा वाण किंवा दोघांचा संकर समजला जाई. २००१ मध्ये जेन व्हीलर आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून दाखवलं की अल्पाकाचा मूळ पूर्वज विकुन्या आहे. म्हणून त्याचं लामा पॅकोस हे नाव बदलून विकुन्या पॅकोस झालं. जुन्या पुस्तकात पहिलं नाव दिसेल, नव्यात दुसरं.

दातांकडे पाहिलं असतं तर अंदाज आला असता. विकुन्याचे खालचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, सस्तन खुरी प्राण्यांत हे फारच विरळा, आणि अल्पाकाचे दात त्याच वळणाचे आहेत. मात्र स्पॅनिश आक्रमणानंतर अँडीजमधले कळप विस्कटले, लामा-अल्पाका संकर भरमसाट झाला. त्यामुळे आज कितीतरी अल्पाकांत लामाचा अंश मिळतो.

१७. वेगळ्या जातींत संकर होत नाही असं शिकलो. मग उंटांच्या संकराचं काय?

तो नियम शाळेपुरता ठीक आहे. उंटकुल त्याला जुमानत नाही. सातही जातींत गुणसूत्रं ७४ आहेत, त्यामुळे संकराला अडथळा कमी. एका आणि दोन वशिंडांच्या उंटांचा संकर मध्य आशियात आणि तुर्कस्तानात शतकानुशतकं मुद्दाम करतात. पहिल्या पिढीचं जनावर आईबापांपेक्षा थोराड निघतं, वशिंड बहुधा एकच पण लांबोळकं, आणि ते वांझ नसतं.

१९९८ मध्ये दुबईत अरबी उंट नर आणि ग्वानाको मादी यांच्यापासून कृत्रिम रेतनाने 'कामा' जन्माला घातला. १.६ कोटी वर्षं अलग राहिलेल्या फांद्यांचं हे पिल्लू, वशिंड नसलेलं. तरीही या जाती वेगळ्याच मानतात, कारण निसर्गात त्यांचे वंश लाखो वर्षं स्वतंत्र वाहत आले आहेत.

१८. पाळीव जनावर आणि त्याचा रानटी पूर्वज यांना दोन वेगळी नावं का? विकुन्या आणि अल्पाका एकाच जातीचे धरायला हवेत ना?

तर्काने पाहिलं तर हो. पण पाळीव जनावरांची नावं बरेचदा आधी दिली गेली, रानटींची नंतर. जुन्या नावाला प्राधान्य द्यायचा नियम काटेकोर लावला तर रानटी प्राण्याला पाळीवाचं नाव चिकटतं. संरक्षणाच्या कायद्यांत त्याने गोंधळ होतो. म्हणून आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण आयोगाने २००३ मध्ये अशा १७ रानटी जातींची नावं कायम ठेवली. कॅमेलस फेरस त्यांत आहे, पण त्याला या सोयीची तशी गरज नव्हती (प्रश्न १४).

१९. गणाचं नाव कुठे 'आर्टिओडॅक्टिला' तर कुठे 'सेटार्टिओडॅक्टिला' असतं. बरोबर कोणतं?

दोन्ही. देवमासे या गणाच्या आत आहेत हे कळल्यावर (प्रश्न ७) काहींनी दोन नावं जोडून लांब नाव केलं. इतरांचं म्हणणं असं की नवा सदस्य सापडला म्हणून घराचं नाव बदलायची गरज नाही. अलीकडे जुनं, आटोपशीर नाव पुन्हा रूढ होत आहे.

२०. जुन्या पुस्तकात ओरिओडॉन्ट आणि प्रोटोसेराटिड यांना उंटाचे भाऊबंद म्हटलंय. अजूनही तसंच मानतात का?

मानतात, पण हात राखून. ओरिओडॉन्ट हे आखूड पायांचे, मेंढी आणि डुक्कर यांच्या मधले वाटावेत असे प्राणी; बॅडलँड्समध्ये त्यांच्या कवट्या भरपूर मिळतात. प्रोटोसेराटिडांतल्या सुरुवातीच्या प्राण्यांना शिंगं नव्हती, नंतरच्या नरांना डोक्यावर ती आली, सिंथेटोसेरासच्या तर नाकावरही एक, टोकाला दुभंगलेलं शिंग होतं. दोन्ही गट उत्तर अमेरिकेतले, म्हणून उंटांजवळ ठेवणं सोयीचं वाटलं. पण एका खंडात राहिल्याने नातं सिद्ध होत नाही. ओरिओडॉन्टांची जागा अजून पक्की नाही आणि प्रोटोसेराटिड रवंथींच्या जवळचे असावेत असं काही अभ्यासकांना वाटतं. जुन्या पुस्तकांत 'पहिला उंट' म्हणून येणाऱ्या प्रोटायलोपसलाही आता अनेकजण ओरोमेरिसिड या शेजारच्या कुलात घालतात.

२१. हाडं एक सांगतात आणि डीएनए दुसरंच, अशा वेळी कुणाचं ऐकायचं?

प्रत्येक वेळी एकाचंच नाही. कोट्यवधी वर्षं जुन्या जीवाश्मात डीएनए उरत नाही, तिथे हाडं आणि दात हाच आधार. पण हाडांचे आकार राहणीमुळेही सारखे होऊ शकतात, म्हणून जिथे डीएनए मिळतो तिथे त्याला वजन जास्त.

कॅमेलॉप्सचं उदाहरण घ्या. कवटी आणि दातांवरून हा हिमयुगीन उंट कित्येक दशकं लामांच्या फांदीवर बसवलेला होता, दिसायला आजच्या उंटासारखा थोराड असूनही. युकॉनमधल्या गोठलेल्या मातीतून निघालेल्या त्याच्या हाडांचा डीएनए २०१५ मध्ये वाचला गेला, तेव्हा तो जुन्या जगातल्या उंटांच्या जवळचा निघाला. त्यांच्यापासून सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी फुटलेला. फांदी बदलल्यावर त्याच जुन्या कवट्या पुन्हा मोजायला घ्याव्या लागल्या, आणि केवळ दातांच्या भरवशावर लामांकडे ढकललेल्या इतर नामशेष प्रजातींवरही प्रश्नचिन्ह लागलं.